मामाजी, उद्या टीव्ही लावायचा आहे

मामाजी,

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, गावातून मागून आणलेल्या सतरंज्या आणि मोठी पातेली ज्याची त्याला परत केली, अंगण सारवून झालं. घर पुन्हा आपल्या माणसांपुरतं उरलं आहे. आणि उद्या संध्याकाळी टीव्ही लावायचा ठरला आहे. एवढं साधं वाक्य लिहायला मी दोनदा कागद बदलला, हे कळलं असतं तर तुम्ही खाटेवर बसल्या बसल्या हसला असतात. "काऊन मास्तरीणबाई, टीव्हीले भेता का आता?" असं म्हणाला असतात. हो, भिते. टीव्ही लहान लेकरांना काही शिकवतो की नाही, या तुमच्या-माझ्या, सासऱ्या-सुनेच्या वादाचा उद्या निकाल लागेल असं सगळ्या घराला वाटतं आहे, आणि वाद घालणाऱ्यांपैकी मी एकटीच उरले आहे.

तुमची नात मंजू बोलत नाही, मामाजी.

तुम्ही गेलात त्या दुपारी, माणसं जमायच्या आतच, सासूबाईंनी स्वतः उठून टीव्हीवर चादर टाकली. सुतकात टीव्ही कसा लावायचा? मग घर भरलं. मंजू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली आणि जो तो तिला एकच सांगत होता, गप बस, गप राहा. वडलांचं मुंडण केलेलं डोकं पाहून ती दाराआड लपली. सुरुवातीला तिने विचारलं, "आबा कुठी गेले?" तेव्हा कुणी म्हणालं देवाघरी, कुणी म्हणालं बुलढाण्याला, कुणी म्हणालं झोपले. एवढी वेगवेगळी उत्तरं ऐकून तिने विचारणंच सोडलं असावं. नेमकं कधी सोडलं ते मला सांगता येत नाही, कारण मी चुलीपाशी होते, आलेल्या-गेलेल्यांचा चहा करत. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती माठाकडे बोट दाखवत होती. पाणी म्हण, म्हटलं. तिने पुन्हा बोट दाखवलं. बोलायला लागण्याआधी दाखवायची, अगदी तसंच.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "टीव्ही बंद हाये ना, म्हून. टीव्हीनंच ते बोलाले लागली होती. लावा, म्हंजे बोलन." तुमच्या लेकालाही ते पटलं. पटणारच, तुमचंच म्हणणं ते, तुम्हीच गावभर सांगत फिरलेलं. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. एकाच दुपारी या घरातल्या दोन गोष्टी थांबल्या, तुम्ही आणि टीव्ही. त्यातल्या कशापायी पोरगी गप झाली, हे आता कोण सांगणार? उद्या टीव्ही लागला आणि ती घडाघडा बोलू लागली तर मी देवापुढे साखर ठेवीन. पण मग मनात येत राहील की आबा गेल्याचं हिला काहीच नाही, टीव्हीचा डबा सुरू झाला आणि सगळं भरून आलं. आणि नाही बोलली तर? टीव्ही बिघडला तर दुसरा आणता येतो, मामाजी.

मी अशीच आहे, तुम्हाला माहीत आहे. कुणी दोनदा शिंकलं की मी काढा उकळायला ठेवते. सारी उमर एसटीत कंडक्टरकी केलेले तुम्ही, मला म्हणायचात, "काळजीचं गाठोडं टपावर टाक व, मांडीवर कायले घेऊन बसली?" तुमच्या सांगण्यावरून मी ते टपावर टाकायचीसुद्धा. खाली उतरवून द्यायला कंडक्टर आहे हे ठाऊक होतं ना.

मंजूची दोन वर्षं उलटली तरी तोंडातून शब्द नाही, तेव्हाचे दिवस आठवतात का? मेहकरच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, ती वळली. ऐकू येतं, बोलेल, थांबा, म्हणाले. थांबा म्हणणाऱ्याचं काय जातं? शेजारच्या काकूंनी राघूने टोचलेला पेरू आणून दिला, राघूचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलतं म्हणून. मी शिकलेली, बालवाडीची बाई, पण तो पेरू मीच कुस्करून तिला भरवला. तुम्ही ओसरीवरून पाहिलंत आणि त्यावर एकदाही थट्टा केली नाहीत. एरवी मला कशावरूनही सोडत नव्हतात.

खरी बोचणी वेगळीच होती. माझ्याकडे येऊन लोकांची लेकरं गाणी म्हणायला शिकायची आणि दिव्याखाली अंधार. हापशीवर बाया मला ऐकू जाईल इतपतच हळू बोलायच्या, "लोकाच्या पोराईले बोलाले शिकवते, आन् आपल्या पोट्टीसाठी टाइम नाही." मी बालवाडी सोडायचं ठरवून घरी आले. तुम्ही अंगणात दाढी करत होतात. आरशातून नजर न काढता म्हणालात, "तू जाय. पोट्टीले मी पायतो. गाडीत दुनियाचे पोट्टे पायले, आपली एक नाही होत का पाहून?" त्या बोलण्यावर मी आजवर बालवाडी चालवली. आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही. सुनेने सासऱ्याचे आभार मानले असते तर तुम्ही सासूबाईंना हाक मारून विचारलं असतंत, हिला ताप आला का पाय. म्हणून तेव्हा मानले नाहीत. आता मानते.

मग टीव्हीचा टॉवर झाला आणि आपल्या भागात चित्र दिसू लागलं. तुम्ही कुणाला न विचारता मेहकरहून टीव्ही आणलात. आयुष्यभर लोकांच्या ट्रंका टपावर चढवल्यात, पण हे खोकं मेहकर ते सुलतानपूर मांडीवर घेऊन बसलात, आणि नवा पोरगा कंडक्टर होता त्याच्याकडून सामानाचं तिकीट स्वतः मागून घेतलंत. घरी आल्यावर मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, मंजूसाठी. मला वाटलं थट्टा करता. स्वतःला बातम्या पाहायच्या आहेत आणि नाव नातीचं.

थट्टा नव्हती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. बीबी गावच्या बाजारातून आपण दोघं परत येत होतो, पिशव्या जड होत्या म्हणून वाटेत टेकलो होतो, तेव्हा तुम्ही सांगितलंत. पुण्याच्या गाडीवर असताना एक कुटुंब बसलं होतं. त्यांचं लहान मूल रडत होतं. तुम्ही वाकून विचारलंत, "काऊन रडून राह्यला बे?" मूल रडायचं थांबलं आणि तुमची नक्कल करू लागलं. आजूबाजूचे हसले. त्याची आई त्याला म्हणाली, असं नाही हं बोलायचं, बाळा. "मले काई ते वाईट नव्हती बोलली," तुम्ही म्हणालात, "पोराले सांगून राह्यली होती. पन मले ते आजून आयकू येते." आणि मग, पिशवी उचलता उचलता, "आपली मंजू टीव्हीवाल्या बाईसारखी बोलली पायजे. तिले कोनी हासलं नाही पायजे."

त्यानंतर मी टीव्हीवर टीका करताना आवाज थोडा खाली आणला. टीका मात्र सोडली नाही. तुम्हालाही ती सोडलेली आवडली नसती.

काय काय भांडलो आपण! मी म्हणायची, दोन-अडीच वर्षांच्या लेकराला समोर बसवून ठेवून ते शिकत नसतं. त्याला माती पाहिजे, पाणी पाहिजे, डबे वाजवायला पाहिजेत. टीव्ही पाहताना त्याचे डोळे उघडे असतात, एवढंच. पंचायतीच्या टीव्हीपुढे बसलेली माझ्या बालवाडीची पोरं मी पाहिली होती. जाहिरातीतलं गाणं अख्खं पाठ, पण घरी जाऊन तहान लागली म्हणून सांगायचं तर आईचा पदर ओढणार. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात, अडकित्त्याने सुपारी कातरत. मग विचारायचात, "तुह्या भिंतीवर तक्ता हाये, अ अननसाचा. अननस पायला का कोन्या पोट्ट्यानं?" पोरांनी तर नाहीच, मीही खाल्ला नव्हता. "टीव्हीवर निदान हालतं-चालतं तरी दिसते. आपल्या सुलतानपुरात हत्ती कवा येईन? समुद्र कवा येईन?" शिकवायचं म्हणून आम्ही काय काय भिंतीला टांगतो, ते त्या दिवसापासून मला दिसायला लागलं.

पण रंगांच्या वेळी मी तुम्हाला पकडलं होतं. आपला टीव्ही काळा-पांढरा. गुरुवारच्या मुलांच्या कार्यक्रमात ती बाई, तुम्ही जिला मुंबईवाली म्हणायचात, हातात फूल धरून हौसेने सांगत होती, हे लाल फूल. पडद्यावर फूल राखेच्या रंगाचं. पान राखेच्या रंगाचं. तिची साडीसुद्धा. मी म्हटलं, "मामाजी, शिकवा आता. पोरगी राखेलाच लाल म्हणेल." तुम्ही उठलात, आत गेलात, आणि वाळलेली लाल मिरची घेऊन आलात. ती टीव्हीच्या काचेला लावून धरलीत. "हे लाल. ते बाई म्हनते ना, ते हे." पुढे पिवळं आलं, तुम्ही पुन्हा आत. हळकुंड. हिरव्याला कढीपत्त्याची डहाळी. मुंबईवाली काही तुमच्यासाठी थांबत नव्हती. तुम्ही निळं शोधत स्वयंपाकघरात डबे उघडत होतात तेव्हा तिकडे कार्यक्रम संपून बातम्या लागल्या होत्या. मंजू टीव्हीकडे पाहतच नव्हती. तुम्ही आता काय घेऊन येता म्हणून दाराकडे पाहत होती.

हे मी तेव्हाच तुम्हाला बोलून दाखवायला हवं होतं. पण मी हसत होते, आणि मिरचीचा हात तुम्ही डोळ्याला लावलात, मग तीच एक धांदल झाली.

टीव्हीशी बोलणारा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता. शेतीच्या कार्यक्रमात कुणी साहेब खत टाकायला सांगायचे, तुम्ही त्यांना म्हणायचात, "आमच्या काळ्या जमिनीत येऊन पाय एकडाव." बातम्या देणाऱ्याला म्हणायचात, "हळू बापा, घाई कायची?" मंजू तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेली. तुम्ही टीव्हीला काही म्हणालात की आधी तुमच्या तोंडाकडे पाहायची, मग टीव्हीकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. मी भाकऱ्या थापताना आतून हे पाहायची आणि मला वाटायचं, नातीचं बोलणं राहिलं बाजूला, सासऱ्यांनाच नाद लागला.

आणि मग तो गुरुवार. मुंबईवालीने मोठं चित्र धरलं. "सांगा पाहू, हा कोणता प्राणी?" आणि थांबली, मान एका बाजूला करून. तुम्ही चेहरा गंभीर करून म्हणालात, "बकरी."

मंजूने वळून तुमच्याकडे पाहिलं.

"बकरीच हाये. कान पाय ना केवढाले."

तिचा चेहरा तापला. तिने तुमच्या दंडावर चापट मारली आणि म्हणाली, "हत्ती हाये!"

चुलीवरचं दूध उतू गेलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आणि तुम्ही काय केलंत? टीव्हीला नमस्कार केलात. "पाय मास्तरीण. तुह्या तक्त्यानं नाही झालं, ते ह्या डब्यानं केलं." मी म्हटलं, डब्याने नाही, तुम्ही चुकलात म्हणून ती बोलली. तिला राहवलं नाही. तुम्ही म्हणालात, "मी कायले मुद्दाम चुकीन? चष्म्याबिगर मले बकरीच दिसली." मामाजी, तुमच्या डोळ्यांवर चष्मा होता. की नव्हता? गेले किती दिवस मी ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणते आहे. कधी चष्मा दिसतो, कधी दिसत नाही. तुम्ही जाणूनबुजून चुकत होतात का, एवढं एक विचारायचं राहून गेलं. मला वाटायचं, विचारू केव्हाही, हा माणूस कुठे जातो?

त्यानंतर तुम्ही दर गुरुवारी चुकू लागलात. सशाला मांजर म्हणालात, होडीला बैलगाडी म्हणालात, आणि मंजूची वाचा अशी काही फुटली की सासूबाई कानावर हात ठेवू लागल्या. फक्त बोलली ती तुमच्यासारखी. मुंबईवालीचा एक शब्द तिच्या तोंडी नव्हता. मी मुद्दाम खोडी काढायची, टीव्हीत "हाये" कोण म्हणतं हो, मामाजी? तुम्ही छपराकडे बघायचात. "अँटेना हालला असन. वाटेत बदलून येत असन." पण एकदा मी पाहिलं. ती अंगणात कोंबडीला दरडावत होती, "काऊन आली व तू इकडे?" आणि तुम्ही दारात उभे होतात. हसत होतात, पण डोळे पुसत होतात. पुण्याची ती गाडी आठवली होती का? तुम्हाला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं? मी विचारलं नाही, आत निघून गेले. सासऱ्यांना रडताना पाहिलं हे कळू द्यायचं नसतं, असं मला वाटलं.

आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. पंचायतीचा टीव्ही बालवाडीत आणून ठेवायचा असं तुमच्या मनाने घेतलं होतं. सरपंचांशी बोलूनही आला होतात. मंजूचं भलं झालं तसं साऱ्या गावच्या लेकरांचं होऊ दे. मी म्हटलं, नको. तुम्ही चिडलात. "काऊन नको? तुह्या पोट्टीले चालते, लोकाच्या पोट्टीले नाही?" हे मला लागलं. मी म्हटलं, तसं नाही हो, मंजूच्या शेजारी तुम्ही बसता. तिथे एवढ्या लेकरांच्या शेजारी कोण बसेल? "तू हायेस ना." मी एकटी आहे, मामाजी. टीव्ही लावला की मलाच मोकळं वाटेल, मी खिचडी शिजवायला जाईन, आणि पोरं गपगार बसलेली पाहून लोक म्हणतील, काय शिस्त आहे. तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत आणि म्हणालात, "बोलू मंग." त्या आठवड्यातच तुम्ही गेलात.

एवढं लिहून थांबते. उद्या गुरुवार आहे. तुमच्या लेकाने छपरावर चढून अँटेना नीट केला. खालून कुणी "चित्र आलं, गेलं" सांगायला नव्हतं, मीच सांगितलं.

*

हे पुढचं तीन दिवसांनी लिहिते आहे. आधीच सांगते, माझी काळजी काही टपावर गेलेली नाही. काल दिवसभर ती मोजकंच बोलली आणि आज सकाळी उठल्यावर पुन्हा माठाकडे बोट होतं. तेव्हा फार आशेने वाचू नका. पण जे झालं ते तुम्हालाच सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लेकराचं कौतुक म्हणून हसून सोडून देतील.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. टीव्ही आल्यापासून त्या कधी त्याच्यासमोर बसल्या नव्हत्या. तुमच्या लेकाने चादर काढली, बटण फिरवलं. मंजू आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली, शेजारची तुमची जागा सोडून. मुंबईवाली आली, तशीच हसत. हे तर मी विसरलेच होते, की तिच्याकडे काहीच झालेलं नाही. तिने उंटाचं चित्र धरलं. "सांगा पाहू, हा कोण?" आणि मान कलती करून थांबली.

मंजूने उंटाकडे पाहिलंच नाही. तिने शेजारी पाहिलं.

तुमच्या लेकाला धीर निघेना. "सांग ना बेटा. उंट. म्हण, उंट." सासूबाई म्हणाल्या, "आवाज वाढव, तिले आयकू येत नसन." आवाज वाढला. मुंबईवाली म्हणाली, "शाब्बास, अगदी बरोबर," आणि दुसरं चित्र काढलं. कुणी काही बोललंच नव्हतं, मामाजी. तरी ती शाब्बास म्हणाली. तुम्ही असताना हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण तुमच्या गोंधळात तिचं शाब्बास ऐकू यायचंच नाही.

मग मी उठून तुमच्या जागी जाऊन बसले. पडद्यावर ससा होता. मी म्हटलं, "म्हैस दिसते, नाही का ग?" मंजूने माझ्याकडे पाहिलं, आणि थोडी पलीकडे सरकली. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी बालवाडीची बाई, सशाला ससाच म्हणणारी, ते तिला पक्कं ठाऊक. तुम्ही चुकायचात तेव्हा कुणीतरी सांगितल्याशिवाय तुमचं काही खरं नाही, असं वाटायचं. मला तसं चुकता येत नाही. तुम्ही जाणूनबुजून चुकत असाल तर तुमच्यासारखा मास्तर मी पाहिला नाही, आणि खरंच चुकत असाल तरी तेच म्हणेन.

पोरीसमोर रडू नको, असं मला सगळ्या बायांनी बजावलं होतं. ते मी इतके दिवस पाळलं. रडायचं ते न्हाणीघरात, पाण्याच्या आवाजात. पण मुंबईवालीने टाळ्यांचं गाणं सुरू केलं, आणि तुमच्या जागेवर बसून समोर ते हसणं बघता बघता मला आवरलं नाही. पदर तोंडात धरला तरी आवाज बाहेर आलाच. सासूबाई म्हणाल्या, "निर्मला, पोट्टी पाहून राह्यली." मला थांबता येत नव्हतं.

मंजू उठली. ती माझ्याकडे येईल असं वाटलं, पण ती टीव्हीकडे गेली. काचेवर दोन्ही हात टेकून, नाक लागेल इतकी जवळ उभी राहिली.

"ए बाई," ती म्हणाली. "गप. माही आई रडून राह्यली."

तुमच्या लेकाने माझा हात धरला. इतक्या दिवसांनी तो आवाज घरात ऐकला होता.

मुंबईवाली टाळ्या वाजवतच होती. मंजूने काचेवर चापट मारली, तुमच्या दंडावर मारली होती त्याहून जोरात. "गप ना व! रडून राह्यली ना ते!" मुंबईवाली हसली, म्हणाली, "चला, आता सगळ्यांनी माझ्याबरोबर." मंजू तिच्याकडे बघत उभी राहिली. मग ती मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मामाजी, काहीतरी कळल्यासारखा चेहरा होता, आणि ते कळलेलं तिला कुणाला तरी ताबडतोब सांगायचं होतं. ती माझ्यापर्यंत चालत आली.

"आई," ती म्हणाली, "ते आयकतच नाही."

मी तिला मांडीवर ओढून घेतलं. म्हटलं, "मी आयकून राह्यली. मले सांग."